महिरपी कंस

धनपाल मगदूम यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान
सांगलीच्या मार्केट यार्डात आहे, हळदीच्या गाळ्यांना लागून.
परवा रात्री ते मला
उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात सापडलं.

अक्षांश चौऱ्याहत्तर, रेखांश सोळा.
कुठल्याशा प्लगइननं दोन आकड्यांच्या जागा बदलल्या
आणि पत्र्याचं छप्पर, पाटी, दारातली बंद पडलेली लूना
सगळं वाहत गेलं बर्फात.

पान उघडलं तर वरून चकाचक.
फोटो, फोन नंबर, "पडताळणीचा शिक्का करून मिळेल".
चूक पानाच्या पोटात होती.
तिथं माणूस जात नाही.
तिथं यंत्र येतं, रात्री-अपरात्री,
खानेसुमारीला आलेल्या मास्तरासारखं,
आणि विचारतं: कोण? कुठं? उघडता कधी?

आत उत्तर द्यायला दोघं बसलेले,
एकमेकांचं न ऐकता.
थीम म्हणते, हे दुकान.
प्लगइन म्हणतं, हा लेख. लेखक: अ‍ॅडमिन.
दुरुस्तीचा दर: शून्य रुपये.
वेळ: चोवीस तास
(सूर्य मावळायच्या आत जेवणारा हा माणूस).
मानांकन: पाचपैकी पाच तारे.
मत देणारे: एक.

त्या एकाचा माग काढला.
तो पुतण्या निघाला, सन्मती.
प्लगइन त्यानंच बसवलेलं, फुकटातलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले.
हळदीची धूळ कीबोर्डच्या फटीत.
सगळं वाचून दाखवलं, मराठीत, एकेक ओळ.
सन्मती म्हणाला,
"बाकीचं बदला, मॅडम. तारे तेवढे राहू देत.
समोरच्याला साडेचार आहेत."

धनपाल काही बोलले नाहीत.
खणातून शिशाचा एक चपटा तुकडा काढून
लॅपटॉपशेजारी ठेवला.
"सत्तेचाळीस ग्रॅम.
एका पारड्याखाली डकवलेला घावला.
कुणाच्या, ते इचारू नका."
थोडं थांबून:
"काढा ते तारं."

मग मी लेख पुसला, अ‍ॅडमिन पुसला,
शून्य रुपये पुसले.
थीमला म्हटलं, तू गप्प बस, एकानंच बोलायचं.
नवा महिरपी कंस उघडला.
(शाळेत हा कंस मला कधी नीट काढता आला नाही,
मधलं टोक नेहमी घसरायचं.)
नाव. पत्ता. साडेनऊ ते सहा.
आकडे आपापल्या जागी:
सोळा आधी, चौऱ्याहत्तर नंतर.
एक स्वल्पविराम जास्तीचा पडला,
त्यानं अर्धा तास खाल्ला.

"स्थापना कधीची लिहू?"
धनपाल वर पत्र्याकडे बघत राहिले.
"वडील आधी गणपती पेठेत
कुणाच्या तरी पायरीवर बसून वजनं घासायचे.
ते धरायचं, का गाळा घेतला तवापासनं?"
चहावर साय धरली.
"ऱ्हाऊ द्या मोकळं. खोटं नको."

कंस मिटला.
तपासणीला लावलं.
चुका: शून्य. इशारे: तीन, पिवळे.
"ह्ये पिवळं काय?"
"भरलं तर बरं, नाही भरलं तरी चालेल, असं."
"मग हळदच की," म्हणाले.
मला तो विनोद नीट कळला नाही. हसले मात्र.

"आता कळंल का त्येला, आमी सांगलीत हाय म्हणून?"
लगेच नाही. यंत्र पुन्हा फेरीला येईल,
आठवड्यानं, कदाचित पंधरवड्यानं.
तोवर तुमचं दुकान तिथंच, बर्फात.

त्यावर त्यांनी मान डोलवली.
समोर पालथा घातलेला इलेक्ट्रॉनिक काटा होता,
पोट उघडं, तारा बाहेर.
"तिकडं ओढ जास्त आसती जमिनीची.
हितं लावलेला काटा तिकडं न्हेला
तर किलोमागं चार ग्रॅम जादा दाखवंल."
स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, वाकले.
"नव्यानं लावून द्यावा लागंल."